शेवटचा डबा धैर्यशील सरांचा

"पहिला नंबर अक्षताचा! आणि चौकातल्या फ्लेक्सवर फोटोबी तिचाच!"

धैर्यशील सरांनी टेस्टचा निकाल जाहीर केला आणि हातकणंगल्याच्या सुट्टीतल्या स्कॉलरशिप वर्गात टाळ्यांचा कडकडाट झाला. अक्षताला तर आकाश ठेंगणं झालं! वर्षभर दीक्षा पहिली आणि ती दुसरी. दीक्षाचं कौतुक ऐकून ऐकून तिचा नुसता जळफळाट व्हायचा. आज एका मार्कानं का होईना, जिरली एकदाची!

दीक्षाचं चुकलं होतं ते रेल्वेचं गणित. सेकंदाला वीस मीटर धावणारी, दोनशे मीटर लांबीची गाडी एकशेसाठ मीटरचा फलाट किती वेळात ओलांडेल? गाडीची लांबी भागिले वेग, ही सरांची ट्रिक! अक्षतानं झटकन लिहिलं, दहा सेकंद. दीक्षानं मात्र अठरा लिहिले होते.

"सर, फलाटाची लांबी..." दीक्षानं हात वर केला.

"ट्रिक म्हणजे ट्रिक! बस खाली!" सरांच्या कानाला फोन होता आणि फोनवर फ्लेक्सवाला. "व्हय व्हय, फोटो संध्याकाळी धाडतो!"

वर्ग सुटल्यावर अक्षताचा चुलतभाऊ यशराज कुजबुजला, "दीक्षाचं गणित चुकलं? कायतरी गडबड हाय! चला, स्टेशनवरच बघूया की!"

दीक्षालाही ओढून नेत तिघं स्टेशनच्या कुंपणाशी जाऊन उभी राहिली. एक मालगाडी न थांबता धडधडत आली. इंजिन फलाटाबाहेर पडलं, पण मागचे डबे? अजून फलाटावरच! अक्षताला एकदम उमगलं. शेवटचा डबा बाहेर पडेपर्यंत गाडीनं फलाट ओलांडला असं म्हणताच येत नव्हतं. सरांची ट्रिक एखाद्या खांबापुरती ठीक होती. फलाटाला दोन्ही लांब्या मिळवायला हव्यात. म्हणजे दीक्षाच बरोबर!

यशराज डबे मोजण्यात दंग होता. त्याच्या काही ध्यानात आलं नव्हतं. गप्प बसलं तर कोणाला कळणार होतं?

"जाऊ दे, माझंच चुकलं असंल," दीक्षा डोळे पुसत म्हणाली. "हितनं पुढं मीबी सरांचीच ट्रिक वापरणार."

हे ऐकून अक्षताला बरं वाटायला हवं होतं. पण ती उलट भडकलीच! चुकीची ट्रिक घोकणाऱ्या दीक्षाला हरवण्यात कसला आलाय पराक्रम? हरवायचं तर खऱ्या दीक्षाला!

"तुझंच बरोबर हाय, येडे!" ती ओरडली. "पण सर आपलं ऐकायचे न्हाईत. त्यांच्याच तोंडून वदवूया!"

तिघं परतली तेव्हा सर अजून वर्गातच होते. समोरच्या मैदानावर पोरांची आगगाडी तयार झाली. क्रिकेटचं पिच हा फलाट आणि यशराज इंजिन!

"सर, शेवटचा डबा तुम्ही व्हा की!" अक्षतानं गळ घातली. सर मुळात हौशी, कमरेला रुमाल बांधून लगेच शेपटाला लागले.

इंजिन पिचच्या कडेपासून निघालं. कूऽऽऽ! गाडी तिच्या लांबीइतकी पुढं सरकली आणि अक्षता ओरडली, "थांबा! ट्रिकनं फलाट ओलांडला!"

"कुठं ओलांडला?" सर मागून गरजले. "मी तर आत्ता कुठं फलाटावर पाय ठेवलाय!"

पोरं खो खो हसायला लागली. सर मात्र जागच्या जागी थिजले.

"अगायायाया! फलाट मिळवायचाच राहिला की! दीक्षा, तू सांगत हुतीस, म्या ऐकलं न्हाई. पहिला नंबर तुझाच, पोरी!" मग ते अक्षताकडे वळले. "आणि स्वतःचा फोटो घालवून दुसरीचं खरं करणारी पोरगी म्या आज बघितली. शाब्बास!"

दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवर दीक्षा हसत होती. आईनं अक्षताची पाठ थोपटली, तरी तिच्या पोटात दुखायचं ते दुखलंच.

"पुढच्या टेस्टला तुला खाली उतरवते बघ!" ती दीक्षाला म्हणाली.

"ये की!" दीक्षानं पैलवानासारखा दंड थोपटला.

अक्षताही हसली. पण खोटं कशाला बोला, अर्धंच!