दारातला तिसरा सलाम

ही गोष्ट आजवर मी फक्त नवऱ्याला सांगितली होती. तो हसला नाही, म्हणून आता तुम्हाला सांगते. यात हडळ नाही, स्मशान नाही. खरी आहे, एवढंच.

मी रेश्मा मुलाणी. माहेर वडूजचं. गेल्या वर्षीची थंडी होती आणि वेळ दिवेलागणीची.

माझा थोरला भाऊ दस्तगीर कुपवाडला एका कारखान्यात लेथवर कामाला होता. सुट्टीच्या आदल्या दिवशी मोटरसायकलवरून घरी यायचा.

घरात शिरताना अल्लाचं नाव घ्यायचं, सलाम करायचा, हे वळण आम्हाला अब्बांनी लहानपणीच लावलेलं. परक्याच्या दारात तीनदा सलाम करूनही उत्तर आलं नाही, तर मागं फिरायचं. भाई मुद्दाम आपल्याच दारात पाहुण्यासारखा उभा राहायचा.

"अम्मा, उत्तर दे. न्हाईतर चाललो बघ माघारी!"

"वालेकुम सलाम. ये रं, नाटक्या!"

अब्बा गेल्यापासून घरात हसू यायचं ते तेवढ्यापुरतंच.

त्या संध्याकाळी मी माहेरी होते. अम्मा आतल्या खोलीत मगरीबच्या, म्हणजे सूर्यास्तानंतरच्या नमाजला उभी होती. मी भाकरी थापत होते.

"अस्सलाम वालेकुम..."

भाईचाच आवाज.

मी गप्प राहिले. उत्तराचा मान अम्माचा. आणि नमाजात बोलता येत नाही, हे त्यालाही ठाऊक होतं. म्हटलं, राहू दे जरा ताटकळत.

"अस्सलाम वालेकुम..."

या वेळी हळू.

मग तिसऱ्यांदा. अगदी थकून गेल्यासारखा.

मी पिठाच्या हातानंच बाहेर आले.

दारात कुणी नव्हतं.

मोटरसायकलही नव्हती. तिचा आवाजच आला नव्हता... हे मला तेव्हा कुठं जाणवलं.

थोड्या वेळानं फोन वाजला. विट्याजवळ भाईला ट्रकनं उडवलं होतं. जागीच गेला होता.

दुपारीच.

अम्मानंही ते सलाम ऐकले होते. तिन्ही.

"माझं पोरगं दारातनं माघारी गेलं गं," एवढंच म्हणत राहायची. मौलानांनी समजावलं, तुमची काही चूक नाही. तिला ते पटलं नाही. कधी नमाज न चुकवणारी बाई, पण मगरीबची अजान झाली तरी दारातच बसून असायची. नमाज मागाहून, घाईनं.

"आला तर उत्तर द्याय नगं व्हय?"

सलाम काही आला नाही.

उन्हाळ्यात तिला न्यूमोनिया झाला. साताऱ्याच्या दवाखान्यात ठेवलं. उतारही पडला. तिच्याजवळ माझ्या नवऱ्याला बसवून मी कपडे आणायला वडूजला आले. कुलूप काढलं. रिकाम्या घरालाही सलाम करायचा असतो, तसा केला. आत जाऊन साड्या पिशवीत भरू लागले.

तिन्हीसांज झाली होती.

"अस्सलाम वालेकुम..."

माझ्या हातातली साडी गळून पडली.

"वालेकुम सलाम," मी रडतच म्हणाले. "भाई, ये. आत ये."

पाऊल वाजलं नाही.

मग उंबऱ्यापलीकडून...

"अम्मा कुठं हाय गं?"

मला भीती वाटली नाही. एवढंच वाटलं, जिनं ह्याची इतकी वाट पाहिली, तिच्या लेकाला पुन्हा माघारी कसं पाठवू?

"साताऱ्याला हाय. दवाखान्यात. तिकडं जा, भाई."

धावत दारात गेले. पडवी रिकामी होती.

कुलूप लावत होते तेवढ्यात नवऱ्याचा फोन आला. अम्मा अचानक उठून बसली होती. खोलीच्या दाराकडे बघून हसली आणि मोठ्यानं म्हणाली, "वालेकुम सलाम. लय उशीर केलास रं."

मग आडवी झाली, ती पुन्हा उठली नाही.

सगळे म्हणतात, सुखानं गेली. चेहरा तसाच होता, मी पाहिलाय.

पण डॉक्टर तिला दुसऱ्याच दिवशी घरी सोडणार होते.

आणि ती कुठं आहे, हे भाईला मीच सांगितलं होतं.