अभ्रकचा सहावा भाग

चिखलीच्या बसस्टँडसमोर पुस्तकांचं एक दुकान आहे. तिथे बहुतेक शाळेची पुस्तकं आणि स्पर्धा परीक्षांची गाईडंच मिळतात. गेल्या जूनमध्ये पुतण्यासाठी कंपासपेटी घ्यायला गेलो, तर काउंटरवर 'अभ्रक – भाग सहावा' ठेवलेला. लेखक तेच, पंजाबराव.

पाचव्या भागानंतर हा माणूस जवळजवळ वीस वर्षं गप्प होता. खरं तर त्याच्या मालिकेनंच माझं लग्न जमवलं. कॉलेजात असताना चौथा भाग माझ्या नावावर होता आणि सुवर्णा त्याच्यासाठी ग्रंथपालाशी भांडत होती. अभ्रक नावाच्या गोठलेल्या ग्रहावर आपल्याकडची माणसं उतरतात आणि त्यांचं यान बर्फाखाली गाडलं जातं, इथे पाचवा भाग संपला होता. त्यांना बाहेर कसं काढायचं, यावर लग्नानंतरही आम्ही जेवताना वाद घालायचो.

मी माती परीक्षण प्रयोगशाळेत काम करतो. सामू, क्षार, स्फुरद. मोजता येतं तेवढं मानायचं, ही सवय. सुवर्णा गेल्यावर वाचन सुटलं होतं. त्या दिवशी मात्र स्टँडच्या बाकावरच पुस्तक उघडलं. माझी बस लागली आणि निघूनही गेली. कितीतरी महिन्यांनी भूक लागल्याचं जाणवलं. भजी मागवली आणि खात खात वाचत राहिलो.

मधल्या एका प्रकरणात यानाच्या तळघरात एक आंधळं यंत्र सापडतं. त्याचं नाव बना. ते यंत्र वऱ्हाडी बोलतं. म्हणतं, "मले भूक नाही लागत. मले फक्त वाट पाहता येते."

भजं हातातच राहिलं.

ते वाक्य सुवर्णाचं होतं. तिच्या किडन्या निकामी झाल्या, मग नजरही गेली. वाचता येईना, तेव्हा सहावा भाग तिनं स्वतःच रचायला घेतला. बनाबाई हे तिच्या आजीचं नाव. दुपारी खोलीत कूलर घरघरायचा, ती पडल्या पडल्या सांगायची आणि मी पलंगाशेजारी बसून हुंकार द्यायचो. जरा चुकलो की म्हणायची, "ऐकून राह्यले ना? तुम्ही हूं नाही म्हटलं का मले वाटते, मी एकटीच बोलून राह्यली." तिसरं कुणी तिथे नसायचं. आम्ही काही लिहून ठेवलं नव्हतं, फोनवर टिपलंही नव्हतं.

रात्री पुस्तक संपवलं. तिनं सांगितलेलं सगळं त्यात होतं, त्याच क्रमानं. ती जिथे थांबली, तिथे पुस्तक थांबलं नव्हतं. पुढची पानंही तिच्याच बोलण्यातली होती.

रविवारी पुस्तकात दिलेल्या लेखकाच्या पत्त्यावर, सोनाळ्याला गेलो. शेगावहून वरवट बकालमार्गे गाडी पोचायला दुपार झाली. सातपुड्याच्या पायथ्याला संत्र्याचे बगीचे, त्यातच पंजाबरावांचं घर. त्यांच्या सुनेनं, वंदनाताईंनी, पाणी दिलं. आतल्या खोलीत भिंतीला लागून खाट होती. तिच्यावर बनियन घातलेले, दाढीचे पांढरे खुंट वाढलेले पंजाबराव बसले होते. मांडीवर कोरे कागद.

"नमस्कार. मी इंद्रभान, चिखलीहून आलो."

त्यांनी झटकन मान वर केली. बराच वेळ माझ्याकडे पाहिलं. "बसा जी," एवढंच म्हणाले.

"बना तुम्हाला कशी सुचली?" मी विचारलं.

"मले काय सुचणार? माह्यं डोकं पाचव्या भागातच रिकामं झालं. ह्या भिंतीपलीकडं एक बाई सांगते, मी उतरून घेतो. अजूनबी सांगून राह्यली."

मी उठून खिडकीतून पाहिलं. भिंतीपलीकडे बगीचाच होता. झाडांखाली ठिबकच्या नळ्या आणि गळून पडलेली फळं. म्हाताऱ्याचं डोकं फिरलं असावं, असं वाटून मला थोडं बरंही वाटलं.

"बिमार आहे बाई. धाप लागते तिले. मधीमधी पुसते, ऐकून राह्यले ना?"

मी खिडकीचा गज धरला. "कुणाला विचारते?"

"मालकाले. तो बाजूलेच बसून असते. बोलत नाही काही. नुसता हूं म्हणते."

"आवाज कसा आहे त्याचा?"

पंजाबरावांनी पेनाचं टोपण काढलं. "तुम्ही दारात नमस्कार केला, तवाच ओळखला मी."

त्यांनी भिंतीकडे कान केला आणि लिहू लागले. मला लांबच्या मोटारपंपाशिवाय काही ऐकू येत नव्हतं. कागदावरचं अक्षर मात्र दिसत होतं. बना बर्फ फोडत होती.

मग पेन थांबलं.

"आज हूं नाही येऊन राह्यला."

मी गज सोडून खाटेजवळ आलो.

"पुसून राह्यली ती. ऐकून राह्यले ना म्हणते."

"हूं," मी म्हणालो.

"ऐकू नाही गेलं तिले."

मी भिंतीपाशी गेलो. चुन्याला तोंड लावून म्हणालो, "हूं. सुवर्णा, हूं."

"हलवून राह्यली त्याले. उठा ना म्हणते."

"तिला सांगा मी इथे आहे!"

"मले फक्त ऐकू येते जी. सांगता नाही येत."

त्यांचे डोळे भरले होते आणि हात लिहीतच होता. मी त्यांचं मनगट घट्ट धरलं. पेन खाली पडलं.

"मी थांबलो म्हणून ती थोडीच थांबते," ते म्हणाले.

वंदनाताई दारात आल्या होत्या. "भाऊ, तुम्ही घरी जा," त्या हळूच म्हणाल्या. माझा फोन नंबर मात्र त्यांनी लिहून घेतला.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. दुपारी नमुने तोलत होतो, तेव्हा फोन आला. पंजाबराव होते.

"तुम्ही गेल्यावर बाई लय रडली. मंग माणसं जमली."

मी हातातला नमुना खाली ठेवला.

"सकाळपासून बायांचे आवाज येऊन राह्यले. भंतेजी कवा येतील, असं पुसत होत्या."

आम्ही बौद्ध आहोत, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं.

"आता म्हणून राह्यले, पाणी तापलं का." त्यांनी परत भिंतीकडे कान केला असावा. "आंघोळ घालून राह्यले जी त्याले."

शेजारच्या टेबलावरच्या गणेशनं माती चाळता चाळता मान वर केली.

"साहेब, डोकं काऊन ओलं केलं?"

मी केसांतून हात फिरवला. पाणी कोमट होतं.