चार-चार-एक-सातची नकल

पांढऱ्या रंगाचा डबा संपला होता, म्हणून ती उठली. एवढंच कारण. जेवणाची सुट्टी झाली होती, शेडमधली यंत्रं एकेक करून गप्प झाली होती, आणि दुपारच्या कामाला खोळंबा नको म्हणून भिंगताई मागच्या कोठारात नवा डबा आणायला गेली.

भिंगताई हे काही तिचं खरं नाव नव्हे. गळ्यात दोरीने भिंग अडकवून, अठरा वर्षं मालगाडीच्या सुट्या भागांकडे डोळे बारीक करून बघत बसलं, की लोक असलं नाव ठेवतातच. तिला ते आवडायचं. तसं कबूल मात्र ती मरेपर्यंत करणार नव्हती.

तिच्या टेबलावर यायच्या त्या नकला. मालगाडीच्या प्रत्येक डब्याच्या टोकाला मिटलेल्या मुठीच्या आकाराचा एक ओतीव तुकडा असतो. या डब्याची मूठ त्या डब्याच्या मुठीत अडकते आणि सगळे डबे एकमेकांचा हात धरून निघतात. त्या मुठीचं इंग्रजी पुस्तकातलं नाव नकल, आणि कामगारांनीही तेच ठेवलं. त्यावरून विनोद पुष्कळ झाले. कचेरीत नव्याने आलेल्या कारकुनाला 'शेडमधून चार नकला घेऊन ये' म्हणून पाठवायचं आणि तो कोणत्या कागदाच्या हे विचारत हिंडला की पोट धरून हसायचं, हा तिथला जुना खेळ होता.

गाडीला अति ओढ बसली तर सगळ्यात आधी नकलच तुटावी, अशीच ती घडवलेली असते. तिच्या तुटण्याने बाकीचं सामान वाचतं. पण आतून भेग पडलेली नकल ओढीची वाट बघत नाही, साध्या चढावरही दगा देते. म्हणून वापरून परत आलेली प्रत्येक नकल घासून, पांढरा रंग लावून, चुंबकाखाली धरून तिच्यावर लोखंडाची काळी पूड सोडायची. भेग असली की पूड तिथे गोळा होते आणि पांढऱ्यावर काळी रेघ उमटते. रेघ नाही दिसली तर भिंगताई हातोडी मारून स्वतःचा त्रिकोणाचा ठसा उमटवणार, वहीत नंबर लिहिणार, आणि ती नकल पुन्हा कुठल्यातरी डब्याला लागणार. तिच्या त्रिकोणावर लोक डोळे मिटून विश्वास ठेवत.

कोठारात तिने डब्याचं झाकण उचकटून रंग सुकला नाही ना ते पाहिलं. उजवा अंगठा पांढरा झाला. लहानपणी सुरीने कापल्याची आडवी खूण त्या अंगठ्यावर होती, तिच्यावरूनही रंग गेला.

तेवढ्यात शेडमधून आवाज आला. ठण्. जड लोखंड टेबलावर ठेवल्याचा.

"कोण आहे?" तिने विचारलं.

ती बाहेर आली. लांबच लांब शेड रिकामी होती. पत्र्याच्या फटींतून ऊन खाली उतरलं होतं आणि त्यात धूळ तरंगत होती. जळक्या लोखंडाचा वास, रॉकेलचा वास, सगळं रोजचंच. पण शांतता रोजची नव्हती. पंखाही बंद पडला होता. आपल्याच चपलांचा आवाज ऐकत ती टेबलापाशी आली.

टेबलावर तिने बारा नकला मांडून ठेवल्या होत्या. आता तिथे तेरा होत्या.

तेरावी तुटलेली होती. मधोमध, दोन तुकडे. तीस-पस्तीस किलोचा ऐवज, तो उचलून ठेवायला दोन माणसं लागतात, नाहीतर साखळीची कप्पी. कप्पी तर शेडच्या त्या टोकाला होती.

'चेष्टा केली मेल्यांनी,' असं म्हणत तिने भिंग डोळ्याला लावलं. तुटलेल्या तोंडाचा निम्मा भाग काळपट, गंजलेला होता. म्हणजे भेग जुनी. उरलेला निम्मा मात्र लख्ख होता. चांदीसारखा. लोखंड तुटल्यावर तासाभरात त्याची ती चमक उतरते, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक? तिने त्या लख्ख भागावर अंगठा टेकवला.

उबदार होता. आत्ता, या क्षणी तुटल्यासारखा.

तिने हात झटकन मागे घेतला. लख्ख लोखंडावर तिच्या अंगठ्याचा पांढरा ठसा उठला होता, मधल्या आडव्या खुणेसकट. मग तिचं लक्ष कडेच्या नंबराकडे गेलं. चार-चार-एक-सात. आणि त्याच्या बाजूला त्रिकोण.

तिने भिंग खाली सोडलं.

हा नंबर तिला वहीत बघायची गरज नव्हती. चार दिवस तो तिच्या डोक्यात घर करून बसला होता. सोमवारी वीज गेली होती. चुंबक चालत नव्हतं. साहेबांना, म्हणजे ज्यांना सगळे मागून घाईसाहेब म्हणत त्यांना, एक नकल कमी पडत होती. ते दर पाच मिनिटांनी येऊन घड्याळ दाखवून जात होते. तिने नकल हातोडीने वाजवून पाहिली, छान वाजली. भिंगातून पाहिली, स्वच्छ दिसली. आणि अठरा वर्षांत पहिल्यांदा तिने पूड न टाकता त्रिकोण मारला. वहीत मात्र लिहिलं, 'पूड टाकली, ठीक.' खोटं. साफ खोटं. तेव्हापासून अन्न गोड लागत नव्हतं.

ती नकल दगड वाहणाऱ्या गाडीच्या सोळाव्या डब्याला लागली होती. आणि आज सकाळी तिचा धाकटा भाऊ तिच्याच स्वयंपाकघरात उभ्याउभ्या चहा पीत म्हणाला होता, "ताई, आज दगडाची गाडी घेऊन चढावर जायचंय. सव्वादोनला." तो गार्ड होता. नोकरी लागून तीन महिने झाले होते, तीही ताईने कान पिळून अर्ज करायला लावला म्हणून. गार्डाचा डबा गाडीच्या अगदी शेवटी असतो. चढावर गाडी मधून तुटली तर मागचे डबे उताराला लागतात. हवेचा पाइप तुटला की ब्रेक आपोआप लागायला हवेत. लागतातही. बहुतेक वेळा.

घड्याळात पावणेदोन झाले होते.

घाईसाहेबांच्या काचेच्या खोलीत फोन होता. तिथून टेबल समोर दिसत होतं. तिने यार्डमास्तरांना फोन लावला. यार्डमास्तर म्हणजे सेवानिवृत्तीला आलेला, कशानेच न हलणारा माणूस.

"मास्तर, दगडाची गाडी… गेली का?"

"जाईल कुठे? उभीये माझ्या छाताडावर. का हो ताई, भावाचा डबा घरी राहिला काय?"

"सोळाव्या डब्याची नकल तुटली आहे का, बघता?"

"तुटली असती तर मला कळलं नसतं?"

"मास्तर, बघा ना… पाया पडते."

तिचा आवाज ऐकून ते चेष्टा विसरले. मोबाइल कानाला लावूनच निघाले. त्यांच्या बुटांखाली खडी वाजत होती. ती काचेतून टेबलाकडे बघत राहिली. ते दोन तुकडे उन्हाच्या पट्ट्यात होते. लख्ख भाग चमकत होता, आणि त्याच्यावरचा पांढरा ठिपका इथूनही दिसत होता.

"हं. आलो. सोळावा." मास्तर धापा टाकत होते. "अख्खी आहे हो. जागच्या जागी. चार-चार-एक-सात. तुमचा त्रिकोणही आहे."

"हात लावून बघा…"

"हात लावलाय. काय झालंय ताई? तुमच्यासमोर काय आहे?"

"नकल," ती म्हणाली.

"नकलेची नक्कल?" मास्तर हसले, पण अर्धवटच. "थांबा, वाजवून दाखवतो. ऐका."

फोनमध्ये हातोडी बसली. यार्डातल्या लोखंडाचा खणखणीत आवाज तिच्या कानात घुमला.

त्याच क्षणी समोर, टेबलावर, तुटलेला तुकडा वाजला. कुणी हात न लावता. बद्द. फुटक्या मडक्यासारखा.

"ऐकलंत?" मास्तर म्हणाले.

"…परत वाजवू नका."

"काय?"

"वाजवू नका मास्तर. आणि गाडी सोडू नका."

"अहो, कारण? वर काय सांगू? ठणठणीत नकल आहे आणि भिंगताईंना वाईट स्वप्न पडलं?"

आता खरी अडचण होती. टेबलावरची गोष्ट सांगून गाडी थांबणार नव्हती. थांबली असती ती एकाच वाक्याने, आणि ते वाक्य चार दिवस तिच्या घशात अडकलं होतं. ते बाहेर पडलं की अठरा वर्षांचा त्रिकोण पुसला जाणार होता. तिने डोळे मिटले. तिला चहाचा कप विसळून पालथा घालणारा भाऊ दिसला.

"लिहून घ्या," ती म्हणाली. "त्या नकलेवर मी पूड टाकली नव्हती. वहीत टाकली असं लिहिलंय, ते खोटं आहे. माझी चूक आहे, माझ्या नावावर गाडी थांबवा."

पलीकडे वहीचं पान उलटल्याचा आवाज झाला.

"लिहिलं," मास्तर म्हणाले. मग हळूच, "बसा जरा ताई. पाणी प्या."

ती टेबलापाशी परतली तेव्हा तिथे बाराच नकला होत्या. तेरावीच्या जागी हात ठेवला तर फळी कोमट लागली. पंखा फिरत होता. कधी सुरू झाला, ते तिला कळलं नव्हतं.

नकल बदलायला वीस मिनिटं लागली आणि कागदपत्रांना सव्वा तास. गाडी साडेतीनला सुटली. काढलेली नकल चारच्या सुमारास हातगाडीवरून शेडमध्ये आली, अख्खी, थंडगार. भिंगताईने तोवर रॉकेलने हात स्वच्छ धुतले होते. घाईसाहेब शेजारी उभे होते. त्यांना तिने सगळं सांगितलं होतं, टेबलावरचं सोडून. त्यांनी घड्याळाकडे एकदाही पाहिलं नाही.

पांढरा रंग. चुंबक. पूड.

काळी रेघ उमटली. बोटभर लांब, नेमकी जिथे ती तुटलेली पाहिली होती तिथे.

घाईसाहेब मटकन स्टुलावर बसले. "ही चढावर गेली असती तर…" ते म्हणाले. मग तोंडावरून हात फिरवला. "त्या दिवशी घाई मी केली होती. तेही कागदावर येऊ दे. पण तुम्हाला आज अचानक कसं सुचलं?"

"आठवलं," ती म्हणाली.

साडेसहाला भावाचा फोन आला. "पोचलो गं वर. तुझ्या कृपेने दीड तास यार्डात बसून मास्तरांच्या तरुणपणाच्या गोष्टी ऐकल्या. पुन्हा असा सूड घेऊ नकोस." ती हसली, आणि हसता हसता इतकी रडली की पलीकडून तो "ताई, अगं ताई" करत राहिला. लेखी ताकीद मिळणार होती, कदाचित बढतीही जाणार होती. पण त्या रात्री तिला चार दिवसांत पहिल्यांदा सपाटून भूक लागली आणि आडवं पडल्यावर झोपही लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरून हुकूम आला: भेग किती खोल आहे ते बघायला नकल तोडा. दाबयंत्रावर ती आडवी घातली. यंत्रापाशी घाईसाहेब, यंत्र चालवणारा आणि भिंगताई, तिघंच होते. यंत्र कण्हलं. काटा चढत गेला. आणि ठण्, नकल मधोमध तुटली.

निम्मा भाग काळपट, गंजलेला. निम्मा लख्ख.

"निम्मी भेगेनेच कापली गेली होती," घाईसाहेब वाकून म्हणाले. "हे पांढरं काय? कालचा रंग भेगेतून आत झिरपला वाटतं."

"भेगेत झिरपेल साहेब," यंत्रवाला हळूच म्हणाला. "हा भाग तर आत्ता उघडला… तोवर सलग होता."

भिंगताई पुढे झाली. भिंग लावायची गरज नव्हती. लख्ख लोखंडाच्या मधोमध अंगठ्याचा पांढरा ठसा होता, बारीक रेषांचा, मधून एक आडवी खूण गेलेला. तिने आपला अंगठा त्याच्यावर ठेवला. तंतोतंत बसला. लोखंड उबदार होतं.

"ताई!" दारातून हाक आली. भाऊ रात्री परतीची गाडी आणून थेट इकडेच आला होता, बगलेत गुंडाळलेले झेंडे, डोळे तारवटलेले, तोंडभर हसू. तिने धावत जाऊन त्याला दोन्ही हातांनी घट्ट धरलं. सगळ्या शेडसमोर. तो ओशाळला.

"पुरे गं, लोक बघतायत," तो म्हणाला आणि आपल्या गणवेशाच्या बाहीकडे बघून कुरकुरला, "झालं! रंग लावलास मला. ओला आहे की!"

तिने अंगठा वर धरून पाहिला. त्याच्यावर पांढरा रंग चमकत होता.

"असू दे," ती म्हणाली. "कालचा आहे."