कोपऱ्यातली फट

"मामा, हीसुद्धा फाकली!" टकळी किंचाळली.

मामाने नवी चौकट उचलून पाहिली आणि कपाळावर हात मारला. मावशीच्या चित्रांचं पहिलंवहिलं प्रदर्शन संध्याकाळी उघडणार होतं आणि एकाही चौकटीचे कोपरे जुळत नव्हते!

"त्या वखारवाल्याने लाकूडच ओलं दिलंय! आत्ता जाऊन त्याची हजेरी घेतो!" मामा तणतणत चपला शोधू लागला.

सुट्टीला आलेल्या तीन भाचरांपैकी टकळी आणि बोका त्याच्या मागे धावले. तिसरी तंद्री. तिचं इकडे लक्षच नव्हतं. मामाच्या सुतारी कारखान्याच्या फरशीवर उताणी पडून ती उन्हात तरंगणारा भुसा बघत होती. सोनेरी कण इतके सावकाश फिरत होते, की आपण एखाद्या तळ्याच्या तळाशी पडलोय असं तिला वाटत होतं. तिने सहजच एक चौकट उन्हासमोर धरली. चारही कोपऱ्यांतून उजेडाची बारीक पाचर डोकावली.

"मामा," ती हळूच म्हणाली, "सगळ्या फटी आतल्याच बाजूला आहेत."

"मग?"

"लाकूड वाकलं असतं, तर एक कोपरा इकडे फाकला असता, एक तिकडे. हे सगळे सारखेच रुसलेत."

मामा दारात थबकला. "अगं, पण या तिरपं कापायच्या करवतीचा, मायटर सॉचा, काटा पंचेचाळीसवर आहे! पंचेचाळीस अंशांत कापलेली दोन टोकं जोडली की काटकोन व्हायलाच हवा!"

"काटा म्हणतो तसं करवत कापते का, ते बघूया ना!" टकळी म्हणाली.

मामाने कापून ठेवलेल्या दोन पट्ट्या तिने घट्ट जोडल्या आणि काटकोन तपासायचा गुण्या लावला. कोपरा काटकोनाहून किंचित अरुंद! करवत बंदच होती. बोक्याने लांबूनच मान वाकडी करून पाहिलं. लाकूड ज्या लोखंडी पट्टीला टेकवून कापायचं, तिच्या डाव्या भागावर बुटाचा पांढरा ठसा होता आणि तो भाग किंचित सरकला होता!

तेवढ्यात काल वरचा दिवा बसवून गेलेले इलेक्ट्रिशियनकाका शीळ घालत आले. "माझा पेचकस राहिला का रे इथे?"

टकळीने डोळे मिचकावले. "काका, वरचा दिवा काय झकास लावलात! एवढ्या उंच हात पुरला कसा? उडी मारलीत?"

"उडी कशाला? शिडी आणायचा कंटाळा आला, म्हणून त्या करवतीच्या पट्टीवर पाय दिला अन्..." मामाचा चेहरा दिसला आणि काकांनी जीभ चावली.

मग धांदल उडाली! मामाने प्लग काढून, स्क्रू ढिले करून पट्टी गुण्याने सरळ केली. मुलांना लांब उभं करून चौकटी सुट्या केल्या आणि प्रत्येक टोकाचा नखाएवढा काप पुन्हा घेतला. कोपरे गपकन मिटले! चौकटी प्रदर्शनाला वाहून न्यायची शिक्षा काकांनी स्वतःहून मागून घेतली.

संध्याकाळी लोक चित्रांपुढे रेंगाळत होते. मावशीने तिघांना कवेत घेतलं. "तुम्ही नसता तर आज भिंती रिकाम्या राहिल्या असत्या!"

"आणि मी वखारवाल्याशी उगाच भांडून बसलो असतो," मामा म्हणाला. "तंद्रे, तुझी नजर माझ्या यंत्राहून पक्की आहे! ऐकलंस का?"

तंद्रीने ऐकलंच नव्हतं. ती नदीच्या चित्रापुढे उभी होती. निळं पाणी चौकटीपर्यंत येऊन वळतंय आणि आपणही त्याच्याबरोबर वळतोय, असं तिला वाटत होतं.