हेडसरांचं मशीन

हेडसरांनी उघडा दंड उशीवर ठेवून डोळे मिटले, तशी घरातली सगळी हालचाल थांबली. रेडिओ बंद झाला, लेकीनं फोनवरचं बोलणं तोडलं, आणि शिवणयंत्रावरून उठून बायको त्यांच्या शेजारी येऊन बसली. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी रक्तदाब मोजून घेण्याचा हा सोहळा ते अशा थाटात पार पाडत, की जणू अख्खी शाळा सावधान उभी आहे! तो मऊ, पांढुरका, पावडरीचा वास मारणारा दंड हातात घेताना ती नकळत मान फिरवी... संसारात तिनं राग गिळला होता, आसवं गिळली होती, पण किळस? ती काही केल्या गिळवेना.

"एकशे अठ्ठावीस," तिनं वाचलं.

"काल सव्वीस होता! भाजीत मीठ घातलंस?"

"चिमूटभरसुद्धा नाही."

"मग लक्ष नसेल. हल्ली असतं कुठे तुझं?"

ते मात्र खरं होतं. शिवणकामामुळे गल्लीत सगळे तिला मास्टरीणबाई म्हणत. गिऱ्हाईक दारातून आत आलं, की खांद्याचं माप तिला नजरेनंच कळे. त्याच बाईनं परवा एका कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या बेतल्या होत्या! कात्री मागायची होती, तर शब्दच सापडेना. "ते... ते कापायचं..." म्हणत ती नुसती बोटं हलवत राहिली, आणि लेक खो खो हसली.

"आई, आता पुरे कर तुझं शिवणकाम. लोकांची कापडं वाया जायला लागली!"

लेक हसून निघून गेली. हिच्या काळजाचं मात्र पाणी झालं. या घरात तिचं स्वतःचं असं काय होतं? तेवढं एक कसब! तेही असं बोटांतून निसटू लागलं, तर उरणार काय... हेडसरांचा दंड?

त्या सकाळी हेडसर आंघोळीला गेले. तिचं डोकं ठणकत होतं. चोरासारखं इकडेतिकडे पाहून तिनं रक्तदाबाच्या मशीनचा पट्टा स्वतःच्या दंडाला गुंडाळला आणि बटण दाबलं. आकडा चढत गेला, चढतच गेला... एकशे ब्याण्णव!

"काय केलंस हे?" टॉवेल गुंडाळून, ओलेतेच हेडसर दारात उभे. "बिघडवलंस ना माझं मशीन!"

"अहो, कदाचित माझंच वाढलं असेल..."

"तुझं? तुला काय धाड भरलीय? दिवसभर राबतेस, ठणठणीत आहेस. हे डोक्यानं काम करणाऱ्या पुरुषांचं दुखणं आहे, बायकांचं नव्हे!"

"बाबा, चिडू नका, तुमचंच वाढेल," लेक म्हणाली. "मी जाताना दुरुस्तीला टाकते. आई, तू पण ना, नसत्या गोष्टींना हात लावतेस!"

आणि खरोखरच मशीन दुरुस्तीला गेलं! बाई घरातच राहिली.

मशिनावाचून हेडसरांचा जीव कासावीस झाला. दोन दिवसांतच ते दवाखान्यात जाऊन बसले. मागोमाग त्यांची फाइल, पाण्याची बाटली आणि स्वेटर सांभाळत ती. डॉक्टरीणबाई त्यांना तपासत असतानाच लेकीचा फोन आला.

"दोष नाही म्हणजे?" हेडसर फोनवरच कडाडले. "डोळे आहेत का त्या दुकानदाराला? तुझ्या आईच्या हातावर एकशे ब्याण्णव दाखवत होतं ते!"

डॉक्टरीणबाईंचा हात जागच्या जागी थांबला.

"कोणाच्या हातावर?"

त्यांनी हेडसरांना खुर्चीवरून उठवलं आणि तिला बसवलं. एकदा मोजलं, पुन्हा मोजलं. मग विचारलं, "पाळी थांबून किती वर्षं झाली?" ती सांगू गेली, शब्द अडखळले. डॉक्टरीणबाई हेडसरांकडे वळल्या.

"तुम्ही सांगा. यांचं डोकं दुखतं का? शब्द कधीपासून विसरतात? माहेरी कुणाला अर्धांगवायू झाला होता का?"

स्वतःचा गेल्या उन्हाळ्यातला आकडासुद्धा तोंडपाठ असलेले हेडसर... तिच्या मांडीवरची फाइल उलटू लागले. फाइलीत सगळे आकडे त्यांचेच होते!

"पाळी असेपर्यंत बाईच्या रक्तवाहिन्यांना थोडं संरक्षण असतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "ती गेली की त्या झपाट्यानं ताठरतात, पुरुषांना गाठतात, पुढेही जातात. मग मेंदूतल्या बारीक नसांना प्रत्येक ठोक्याला मार बसतो. हा विसराळूपणा त्यातलाच दिसतोय; तपासण्या करू. मशीन चांगलं होतं, हेडसर."

"हिचं... परत येईल ना सगळं?"

"गेलेल्याचं सांगवत नाही. उरलेलं राखायचं, तर औषध आजपासून."

दवाखान्याच्या पायऱ्यांवर हेडसर हमसून हमसून रडले. नाक वाहत होतं, मिशा चिकटल्या होत्या. "मला वाटलं गं... मशीनच..."

"किळस यायची मला तुमची," ती शांतपणे म्हणाली. इतक्या वर्षांचं ते ओझं किती सहज बाहेर पडलं!

"अजून येते?"

तिनं त्यांच्या तोंडाकडे नीट पाहिलं. "येते."

ते दुखावले, पण दूर झाले नाहीत. तिच्या हातातली फाइल, बाटली, स्वेटर, सगळं त्यांनी आपल्या हातात घेतलं.

"पण मला अजून..." तिनं सुरुवात केली, आणि शब्द निसटला. "मला अजून ते... ते..."

सवयीनं हेडसरांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. मागचे लोक पायऱ्यांवर खोळंबले होते, कुणी तरी "सरका हो!" म्हणत होतं. हेडसर भर उन्हात सामान कवटाळून तिच्यासमोर उभे राहिले.

"सावकाश सांग," ते म्हणाले.

आणि मास्टरीणबाईनं आपला शब्द शोधायला हवा तेवढा वेळ घेतला.