चौदा नंबरची बाटली

दिवा तिथेच राहू द्या, कपाटाजवळ. आणि खुर्ची जरा अलीकडे ओढा. सांगतो.

माझं काम तसं बिनडोक. आरोग्य खात्याच्या यादीप्रमाणे घरोघर जायचं, विहिरीचं पाणी काचेच्या बाटलीत घ्यायचं, बाटली थंड पेटीत ठेवायची आणि पेटी प्रयोगशाळेत पोचवायची. सव्वीस वर्षं हेच करतोय. वस्तीवस्तीत मला बाटलीवाले म्हणतात. एका लग्नात ते ऐकून नवरदेवाच्या मामांनी मोठ्या आशेने मला कोपऱ्यात नेलं होतं. फार हिरमोड झाला बिचाऱ्यांचा.

या कामात एक नियम आहे. बाटली विहिरीत सोडण्याआधीच तिच्यावर लेबल लावायचं. घराचा नंबर, तारीख, सही. मग वजन बांधलेल्या जाळीत बसवून ती दोरीने खाली सोडायची. नंतर लिहू म्हटलं की बाटल्यांची अदलाबदल होते. हा नियम मी कधी मोडला नाही. मी दुसरंच केलं.

तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. भर दुपार, ऊन मी म्हणत होतं. चौदा नंबरचं घर वस्तीच्या टोकाला. मागे गोठा, गोठ्याला लागून शेणखताचा ढीग, आणि ढिगापासून दहा पावलांवर उथळ विहीर. विहिरीवर लोखंडी झाकण, त्यावर चार दगड. घराला कुलूप होतं, बाई बाळंतपणासाठी दवाखान्यात होती. माझी कंबर सकाळपासून धरलेली. लेबल लिहून तयार होतं, आणि शेजारच्या घराच्या बोअरचा नळ हाताशी होता. म्हटलं, जमिनीखाली सगळं एकच, कोण बघतंय! नळाखाली बाटली भरली, बुचावर कागदी पट्टी चिकटवली आणि पेटीत टाकली.

बोअर खोल होता. पाणी उत्तम निघालं. चौदा नंबरला अहवाल गेला : पिण्यास योग्य. खाली माझी सही.

पाच आठवड्यांनी त्या घरातला तान्हा मुलगा गेला. आधी ओठ निळे पडले, मग नखं. डॉक्टर म्हणाले, हृदयाचं काहीतरी असावं. मीही तेच धरून चाललो. पुढच्या वर्षी एका प्रशिक्षणात बसवलं तेव्हा कळलं की खत झिरपून उथळ विहिरीत नायट्रेट साठतं. त्याला रंग नाही, वास नाही, चव नाही. मोठी माणसं तेच पाणी पिऊन हिंडतात-फिरतात. पण त्यात डब्याचं दूध कालवून तान्ह्या बाळाला पाजलं, तर त्याच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही. बाळ निळं पडतं. मग जेवणाची सुट्टी झाली. मी जेवलो, भात दोनदा वाढून घेतला. मला काही वाटलं नाही. तेव्हापासून कशाचंच काही वाटत नाही.

गेल्या महिन्यात नवी यादी आली. तीत चौदा नंबर होता. पुढे शेरा : घरात तान्हं मूल.

दार बाईनेच उघडलं. खांद्यावर वीस दिवसांची मुलगी झोपली होती. ओट्यावर पातेल्यात पाणी खळाखळा उकळत होतं, शेजारी दुधाचा डबा, अजून न फोडलेला. आणि भिंतीवर, प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून खिळ्याला अडकवलेला, माझा अहवाल.

"या दादा," ती म्हणाली. "बरं झालं आलात. हिला आजपासून वरचं दूध द्यायचंय, माझं पुरत नाही. पाण्याची काळजी नाही म्हणा, तुमचा कागदच आहे. तरी मी वीस मिनिटं उकळते. त्याच्या वेळीही उकळायचे."

"मी आधी बाटली भरून घेतो, ताई. तोवर पाजू नका."

"या तुम्ही. तोवर पाणीही निवेल."

मागे गेलो. नव्या बाटलीवर लेबल लिहिलं, घर नंबर चौदा, आजची तारीख, सही. दगड बाजूला केले आणि झाकण सरकवलं. आतून गार, ओलसर हवा तोंडावर आली. तिला विहिरीचा वास नव्हता. ऊन होतं, पण ते दोन हात खाली जाऊन थांबलेलं. गोठ्यातल्या गाईंनी रवंथ थांबवला होता.

दोरी सोडत गेलो. बाटली पाण्यात बुडाली की बुडबुड आवाज येतो, सव्वीस वर्षं कानांत बसलेला. तो आला नाही. खालून दुसराच आवाज आला, चोखल्यासारखा. चुटुक, चुटुक... मग थांबून एक श्वास... मग परत चुटुक, चुटुक...

मी दोरी ओढली.

जाळीत बाटली होती, पण मी सोडलेली नव्हती. बुचावर कागदी पट्टी घट्ट चिकटलेली. लेबल कोरडं, त्यावर माझंच अक्षर. घर नंबर चौदा, आणि तारीख तीन वर्षांपूर्वीची, मी शेजारच्या नळावर उभा होतो त्या दुपारची. माझी नवी बाटली जाळीत नव्हती.

आणि ती बाटली कोमट होती.

"काय झालं?" बाई मागे येऊन उभी होती. मी काही म्हणायच्या आत तिने मोकळ्या हाताने बाटली घेतली आणि मनगटाच्या आतल्या बाजूला टेकवली. बराच वेळ तशीच धरली.

"एवढंच लागायचं त्याला," ती हळूच म्हणाली. "जरा गार झालं की तोंड फिरवायचा..." मग तिची नजर लेबलावर गेली. "ही तारीख तर मागची आहे."

"हो. त्या दिवशी मी या विहिरीचं पाणी नेलंच नाही. शेजारच्या नळाचं नेलं. झाकण जड होतं."

तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

"पण मी उकळत होते ना..." ती म्हणाली. "मी चांगलं वीस-वीस मिनिटं..."

इथे गप्प बसणं सोपं होतं. तिला तेवढा एक आधार राहिला असता. पण खांद्यावरची मुलगी जागी होऊन तोंड हलवत होती, आणि आत पातेलं तयार होतं. मी आत गेलो, खिशातली तपासणीची पट्टी त्या उकळलेल्या पाण्यात बुडवली आणि मिनिटभराने तिच्यासमोर धरली. चांगल्या पाण्यात ती पांढरी राहते. ती वांग्याच्या रंगाची झाली होती.

"उकळल्याने हे जात नाही, ताई. पाणी आटतं, आणि हे वाढतं."

ती रडली नाही. मुलीला तिने माझ्या हातात दिलं, पातेलं उचलून मोरीत ओतलं, कागद खिळ्यावरून काढला आणि माझ्या खिशात कोंबला. "हा तुमचा," म्हणाली. मग मुलीला परत घेऊन, दुसऱ्या हातात रिकामी बादली घेऊन ती शेजारच्या नळाकडे चालायला लागली. वाटेत एकदाच थांबली. "वीस मिनिटं," असं स्वतःशीच म्हणाली.

मुलगी ठीक आहे. परवा लांबून पाहिली, ओठ गुलाबी आहेत. खात्याला मी सगळं सहीनिशी लिहून दिलंय, चौकशी लागेल. लागू दे.

जुन्या तारखेची बाटली प्रयोगशाळेने घेतली नाही. म्हणून ती इथे, या कपाटात आहे. दर तीन तासांनी ती कोमट होते, रात्रंदिवस. आणि दर वेळी पाणी थोडं कमी होतं. बुचावरची पट्टी तशीच आहे, तुम्ही बघू शकता. पहिल्या दिवशी गळ्यापर्यंत होतं. आज सकाळी बोटभर उरलं होतं.

ते संपेल म्हणून काल मी शेजारच्या नळाचं पाणी आणलं, उकळून कोमट केलं आणि दुसऱ्या बाटलीत भरून तिच्याशेजारी ठेवलं. लेबलावर या वेळी खरं लिहिलंय. ही दुसरी बाटली आहे तशीच आहे, गार आणि गळ्यापर्यंत भरलेली. फक्त रात्रीतून कुणीतरी तिला फिरवून ठेवलंय, लेबल भिंतीकडे करून.