सांध्यातला चुना

तोंडवलीसमोरच्या खडकावरच्या कोटात भर दुपारी गाऱ्हाणं घालायचं ठरलं होतं. ओहोटी होती. बुरुजाची डागडुजी संपली, की कोटाच्या अदृश्य राखणदाराला तसं तोंडाने सांगायचं, गावची रीतच ती. नारळ, विडे, उदबत्त्या घेऊन माणसं होडीतून उतरली.

"काय रे इंजिनेरा, पूजेक इलंस की परीक्षेक? घाम बघ कसो सुटलो!" चुलतबहीण सुगंधाने मोबाईल कौस्तुभवर रोखला.

कौस्तुभ हसला नाही. दुरुस्ती त्याची होती. हा बुरुज मुळात कुणी आखला, त्याचं नावही कुणाला ठाऊक नाही. पण त्या गड्याने भिंत अशी फिरवली होती की लाट आपटायची नाही, बाजूने घसरून जायची. सांधे चुन्याने भरले होते. चुना खारं पाणी पितो नि सोडतो. सिमेंट ते कोंडून धरतं आणि दगडाचा आतून भुगा होतो. कौस्तुभला हे पुरतं माहीत होतं. पण चुना मुरायला वेळ लागतो, आणि वरच्यांना उद्घाटनाची घाई. त्याने सिमेंट ठोकलं, वरून चुन्याचा हात फिरवला. नालायकपणा, दुसरं काय!

गाऱ्हाणं घालणारे गंगारामकाका जवळ आले. "चुनोच घातलंस मा रे? तुज्या सबदावर मी राखणदाराक सांगतलंय. खोटा निघाला तर तोंड माजा काळा."

आत्ता बोलला असता तर सुटला असता. पण सगळा गाव बघत होता.

"चुनोच, काका."

काकांनी हात जोडले. "बा राखणदारा म्हाराजा, तुजो कोट सांबाळून ठेवलो..."

"व्हय म्हाराजा!" सगळे एका सुरात.

"बुरुज पयल्यासारखो चुन्यात बांदलो..."

'व्हय' कुणालाच म्हणता येईना. तोंडं उघडी, आवाज नाही. सुगंधा गळा चाचपत राहिली. लाटाही गप्प.

मग बुरुजातून, भरीव दगडातून, पुष्कळ जणांचा दमलेला आवाज आला.

"व्हय म्हाराजा."

काकांचे डोळे भरले. "ऐकलास? मान्य केल्यान!"

बाकीचे मात्र मागे न बघता होडीकडे सुटले. काकाही त्यांच्यामागून गेले. भरती लागली होती.

कौस्तुभ एकटा राहिला. त्याने सांध्यावर नख मारलं. सिमेंट नव्हतंच. पांढरा, ओला, कढत चुना. बोट आत गेलं.

आतून कुणीतरी ते धरलं.

ओढलं नाही. नुसतं धरलं.

"सिमेंट होतं," तो पुटपुटला.

पकड किंचित सैल झाली. पण बोट सुटेना.

सगळ्यांना ऐकू जाईल असं, मोठ्याने सांगायला हवं होतं. होडी हाकेच्या अंतरावर होती.

"चल रे, पाणी चढता!" काका ओरडले.

पाणी घोट्याला लागलं. मग गुडघ्याला.

"तुमी व्हा फुडे, मी येतंय!" कौस्तुभ ओरडला, आणि हसून दुसरा हात हलवला.